पंखा हळू करण्यापुरता तरी कागद द्या : ग्राफिक्स कार्ड घडवणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
ग्राफिक्स चिप आणि ग्राफिक्स कार्ड घडवणाऱ्या कंपन्यांचे भारतातले प्रमुख,
तसेच त्यांच्या पुणे, बेंगळुरू आणि हैदराबादच्या कचेऱ्यांत ड्रायव्हर आणि फर्मवेअर लिहिणारी इंजिनियर मंडळी

प्रत : इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी कितीतरी जण घरी मराठी बोलतात हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र मराठीत. आणि जे मागायचं आहे ते मला मराठीतच नीट मागता येतं.

मी ग्वाल्हेरचा. शिंद्यांच्या फौजेबरोबर जी मराठी घरं इथे आली आणि इथलीच झाली, त्यांतलं आमचं एक. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माधवगंजाकडे माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत दर रविवारी सकाळी शाळा-कॉलेजातली मुलं येतात, त्यांना मी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर शिकवतो. फी घेत नाही. पाच मशीन आहेत, सगळी जुन्या बाजारातून एकेक सुटा भाग जमवून उभी केलेली. प्रत्येकात एक ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड, आहे.

तिसऱ्या मशीनच्या कार्डाचा पंखा हे या पत्राचं कारण.

कार्ड उत्तम आहे. एके काळी महागातलं होतं. पण त्या पिढीच्या कार्डांसाठी कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला कार्डाशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, सुधारणं थांबवलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पुढे जात राहतो, त्याच्या आतल्या जोडण्या बदलतात, आणि जुना ड्रायव्हर एक दिवस त्यावर कंपाइलच होत नाही, म्हणजे चालवण्याजोगा तयारच होत नाही. जुन्या कर्नलवर अडकून राहायचं तर सुरक्षेचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, मिळत नाहीत. तेव्हा बाहेरच्या मंडळींनी लिहिलेला खुला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो असा, ड्रायव्हर घातला. चित्र छान आलं, मुलं खूश झाली. फक्त पंखा पूर्ण वेगाने सुरू झाला तो थांबेना. खोलीत बोलणं ऐकू येईना. एका मुलीने विचारलं, “काका, याला हळू हो म्हणून सांगता येत नाही का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. पंख्याचा वेग म्हणजे कार्डावरच्या एका रजिस्टरमधला, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या खणातला, एक आकडा. ड्रायव्हर तिथे आकडा लिहितो, पंखा ऐकतो. कुठल्या पत्त्यावर, कुठला आकडा, एवढंच ठाऊक हवं. ती माहिती तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे आणि ते मॅन्युअल तुम्ही कुणाला दाखवत नाही.

मी कंपनीला लिहिलं. कार्डाचा नंबर, बोर्डाची रिव्हिजन, सगळं कळवलं आणि फक्त पंखा आणि तापमान या दोन गोष्टींची रजिस्टरं मागितली. दोन ओळींचं उत्तर आलं. दस्तऐवज फक्त करार केलेल्या भागीदारांना मिळतात, आणि आपण नवीन कार्ड घ्यावं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही.

मग मी तेच केलं जे जगभरातली माझ्यासारखी माणसं करतात. जुन्या डिस्कवर जुना कर्नल टाकला, कंपनीचा ड्रायव्हर चढवला आणि एमएमआयओट्रेस चालू केला. ही लिनक्स कर्नलमधलीच सोय. ड्रायव्हर कार्डाच्या कुठल्या पत्त्यावर काय लिहितो आणि काय वाचतो, त्याची ओळ न् ओळ ती टिपून ठेवते. ती चालू असताना प्रोसेसरचा एकच कोअर जागा असतो, त्यामुळे मशीन रांगत असतं. ब्लेंडरमध्ये एक ठोकळा फिरवत ठेवला, कार्ड तापवलं, आणि पंख्याचा आवाज चढताना घड्याळातली वेळ कागदावर लिहीत गेलो. रात्री अकरानंतर करायचो, कारण गल्ली शांत झाल्याशिवाय पंख्याच्या आवाजातला सूक्ष्म फरक कानाला कळत नाही. ट्रेसची फाइल लाखो ओळींची. माझ्या कागदावरच्या वेळा आणि फाइलमधल्या वेळा जुळवत बसायचं, आणि कुठला आकडा आवाजाबरोबर हलतो ते शोधायचं.

चार आठवडे गेले. तीन पत्ते संशयित उरले. पहिल्यावर आकडा लिहिला, पडदा काळा झाला. दुसऱ्यावर लिहिला आणि पंखा हळू झाला. इतका आनंद झाला की मी उठून दिवा लावला. मग तिसऱ्यावर लिहून पाहिलं आणि पंखा थांबला, पूर्ण थांबला. पुन्हा जुना आकडा लिहिला तरी सुरू होईना. हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, बोट ठेवलं तर चटका बसला, आणि मी प्लग उपटला. कार्ड वाचलं. बोटावर फोड आला तो आठवडाभर राहिला.

आज तो पंखा माझ्या छोट्या स्क्रिप्टवर चालतो. तापमान म्हणून मी जो आकडा वाचतो तो खरंच अंश सेल्सिअस आहे की आणखी काही, याची मला खात्री नाही. ६१ दिसतं तेव्हा मी ६१ अंश धरून चालतो. हा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणून तो मी दुसऱ्या कुणाच्या मशीनसाठी पुढे पाठवू शकत नाही. महिनाभर खपून मिळवलेलं ज्ञान माझ्या खोलीतच राहिलं, कारण ते तपासून बघायला माझ्याकडे कागद नाही.

माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची पाठ उघडली की पुष्कळदा आत पुठ्ठ्यावर चिकटवलेला सर्किटचा नकाशा दिसायचा. नसला तर कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळायचं. बाबांकडे अशा नकाशांची पत्र्याची पेटी होती, कडा तेलकट झालेल्या, कोपऱ्यांवर सोल्डरचे ठिपके. तो नकाशा पाहून बाबांनी कुठल्या कंपनीचा रेडिओ चोरून बनवला नाही. त्यांनी लोकांचे रेडिओ वाजते ठेवले. संगणकाचीही सुरुवात अशीच झाली होती. आयबीएमने १९८१मध्ये पीसी आणला तेव्हा त्याच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे होते आणि बायोसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा, कोडही छापलेला होता. १९८७च्या व्हीजीए या ग्राफिक्स व्यवस्थेची रजिस्टरं लोकांना पाठ होती. आमच्या पिढीने पडद्यावर पहिला ठिपका उमटवला तो त्याच पुस्तकांच्या जोरावर.

आता आमच्या गावची एक गोष्ट सांगतो. दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ म्हणून गवई होते. त्यांच्या तानांची कीर्ती फार मोठी, पण ती विद्या ते घराबाहेर देत नसत. सांगतात की महाराजांनी हद्दू आणि हस्सू या दोघा तरुण भावांना पडद्याआड बसवून रोज त्यांचं गाणं ऐकायची सोय केली. दोघांनी ऐकून ऐकून ती तान उचलली. पुढे हस्सू खाँ ‘कडक बिजली’ची तान घेताना छातीत काही तुटून वारले, असंही सांगतात. दंतकथेचा भाग बाजूला ठेवला तरी ग्वाल्हेर घराण्याच्या मुळाशी पडद्याआडचं ऐकणं आहे, हे इथल्या प्रत्येक गाणाऱ्याला ठाऊक आहे. रिव्हर्स इंजिनियरिंग म्हणजे तेच. मी त्या रात्री पंख्याचा आवाज ऐकत बसलो होतो तेव्हा मला हीच गोष्ट आठवत होती, आणि ज्याला कुणी शिकवलं नाही त्याला इजा कशी होते हेही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. नंतर पंडित विष्णु नारायण भातखंडे आले. घराण्याघराण्यांतल्या बंदिशी त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकांत छापल्या. माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं ते त्याच स्वरलिपीवर. बंदिश कागदावर आली म्हणून घराणं बुडालं का? कृष्णराव शंकर पंडितांचं गाणं पुस्तक विकत घेणाऱ्या कुणाला गाता आलं का? बंदिशीची चीज छापता येते, गळा छापता येत नाही.

मंडळी, आम्ही तुमचा गळा मागत नाही. चिपमध्ये ट्रान्झिस्टर कसे मांडले, कारखान्यात ते कसे कोरले, चित्राची गणितं चिपच्या भाषेत उतरवणारा तुमचा शेडर कंपाइलर आतून काय हुशारी करतो, यातलं काही नको. तुमचा ड्रायव्हरही फुकट मागत नाही, तो आम्ही लिहू. आम्हाला स्वरलिपी हवी. कार्डाशी बोलायचं तर कुठल्या पत्त्यावर काय लिहावं, कमांड कुठल्या क्रमाने द्यावी, कार्ड उत्तर काय देतं, आणि काय कधीही लिहू नये.

हे होत नाही असं म्हणू नका, कारण झालेलं आहे. एएमडीने एटीआय कंपनी २००६मध्ये घेतली आणि २००७च्या सप्टेंबरात रेडिऑन कार्डांचे दस्तऐवज बाहेर द्यायला सुरुवात केली. व्हिडिओ डिकोड करणारा भाग तेव्हा वगळला होता, त्याचा खुला कोड २०१३मध्ये आला. उशीर झाला, पण आला. इंटेल आपल्या ग्राफिक्सची प्रोग्रॅमर्स रेफरन्स मॅन्युअल कित्येक वर्षं उघड्यावर ठेवत आली आहे. २०१४च्या फेब्रुवारीत ब्रॉडकॉमने रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकातल्या व्हिडिओकोर ४ या ग्राफिक्स भागाचे दस्तऐवज प्रसिद्ध केले. त्याआधी पायची ओळख ‘उत्तम बोर्ड, पण ग्राफिक्स बंद डबा’ अशी होती.

यातून काय निघालं तेही पाहा. २०१६मध्ये कंपनीबाहेरच्या दोघा प्रोग्रॅमरांनी, जे खुलं होतं त्याच्या आधारावर, एएमडीच्या कार्डांसाठी रॅडव्ही नावाचा ड्रायव्हर लिहायला घेतला; व्हल्कन या ग्राफिक्सच्या खुल्या प्रमाण पद्धतीवर चालणारे खेळ तो कार्डापर्यंत पोचवतो. २०२२मध्ये स्टीम डेक हे हातात धरायचं खेळयंत्र बाजारात आलं ते लिनक्सवर आणि याच ड्रायव्हरवर. त्या यंत्रांबरोबर एएमडीच्या चिपाही खपल्या. दस्तऐवज देण्यात नुकसान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा हिशेब एकदा बसून करावा.

दुसरी बाजूही आहे. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूवो नावाचा ड्रायव्हर लोकांनी ट्रेस टिपत, आकडे ताडत, पुष्कळसा अंदाजाने लिहिला. २०१०मध्ये तो लिनक्स कर्नलच्या २.६.३३ आवृत्तीत गेला. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी एनव्हिडियाला शिवी दिली आणि मधलं बोट दाखवलं, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मला ती भाषा आवडत नाही, पण तो संताप कुठून आला ते मला कळतं. २०१३मध्ये कंपनीने काही दस्तऐवज द्यायला सुरुवात केली, ते चांगलं झालं. पण मॅक्सवेल नावाच्या पिढीच्या दुसऱ्या टप्प्यापासून, म्हणजे २०१४पासून, कार्ड फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मानू लागलं. परिणाम असा की खुल्या ड्रायव्हरला त्या कार्डांचा क्लॉक, म्हणजे कामाची गती, वाढवता येईना, आणि वेगवान कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच चालत राहिलं. २०२२च्या मे महिन्यात ट्युरिंग या पिढीच्या आणि पुढच्या कार्डांसाठी कर्नलमधला भाग खुला झाला, त्याचं मी मनापासून स्वागत करतो. मात्र त्यात जे महत्त्वाचं चालतं त्यातलं बरंच कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरच्या बंद फर्मवेअरमध्ये आहे. दार किलकिलं झालं आहे, एवढंच म्हणता येईल.

या सहीच्या कुलपाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथे आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एबी)मध्ये स्पष्ट आहे की, कायदेशीरपणे प्रोग्रॅम बाळगणाऱ्याने, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्याबरोबर नीट चालावा म्हणून लागणारी माहिती मिळवायला जे करणं गरजेचं असेल ते केलं, आणि ती माहिती एरवी सहज मिळत नसेल, तर तो कॉपीराइटचा भंग नाही. म्हणजे पडद्याआड बसून ऐकायला कायदा परवानगी देतो. पण कार्डाने सहीशिवाय काही ऐकायचंच नाही असं ठरवलं, तर कळूनही काही उपयोग नाही. पत्ता माहीत, आकडा माहीत, आणि कार्ड मात्र माझं ऐकणार नाही, जे मी पैसे मोजून घेतलं आहे.

तुमच्या अडचणी मी ऐकल्या आहेत. स्पर्धक नक्कल करतील ही पहिली. चिपच्या मांडणीला सेमीकंडक्टर इंटिग्रेटेड सर्किट्स लेआउट-डिझाइन कायदा, २००० या कायद्याने दहा वर्षांचं संरक्षण आहे. पेटंट वीस वर्षांचं आहे, आणि पेटंट घेताना शोध उघड लिहून द्यावाच लागतो. ज्या स्पर्धकाकडे हजारो कोटी आहेत तो तुमची चिप मायक्रोस्कोपखाली उघडू शकतो, त्याला मॅन्युअलची वाट बघायची गरज नाही. मॅन्युअल लपवल्याने अडतो तो माझ्या खोलीतला मुलगा. दुसरी अडचण, काही भाग दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेला असतो, काही सिनेमांच्या कॉपी-संरक्षणाशी जोडलेला. तो भाग कोरा ठेवा. एएमडीने ठेवला होता, कुणी भांडलं नाही. तिसरी, लिहायला माणसं नाहीत. पण तुमचे स्वतःचे इंजिनियर रोज काहीतरी वाचूनच ड्रायव्हर लिहितात ना? तेच द्या. चुका असतील तर आम्ही कळवू, आणि तुम्हाला ते फुकट पडेल.

मंत्रालयाला प्रत पाठवतोय त्यामागेही कारण आहे. ही कार्डं आता खेळांपुरती राहिली नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेचं सगळं गणित याच चिपांवर चालतं. २०२४च्या मार्चमध्ये सरकारने इंडियाएआय मिशनला सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले आणि त्यातून हजारो जीपीयू, म्हणजे अशा ग्राफिक्स चिपा, उभे राहत आहेत. एवढी मोठी खरेदी करणाऱ्याच्या शब्दाला वजन असतं. खरेदीच्या अटींत एक ओळ घाला : ज्या चिपचा प्रोग्रॅमिंगचा दस्तऐवज प्रसिद्ध आहे तिला प्राधान्य, आणि ड्रायव्हरची मदत थांबवायची असेल तर त्याआधी दस्तऐवज खुला करणं बंधनकारक. २०१५मध्ये केंद्र सरकारनेच आपल्या कामात ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं होतं. खुलं सॉफ्टवेअर बंद कार्डावर नीट चालत नाही, तेव्हा धोरणाचा दुसरा अर्धा भाग हा आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने पोर्टल काढलं आणि शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं यांपासून सुरुवात केली. त्या यादीत संगणकाच्या कार्डांचीही नोंद करा. आणि एक आठवण. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यानंतर विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. तेव्हा आपल्याला यंत्र नाकारलं होतं. आज यंत्र मिळतं आणि ते कसं चालवायचं हे नाकारलं जातं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्या तुम्हा मंडळींना वेगळं दोन शब्द. धोरण तुम्ही ठरवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्यातला जो कुणी कचेरीत बसून त्या मॅन्युअलचं पान उलटतो, त्याने पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं : ज्या पिढीच्या कार्डांसाठी आपण काम थांबवलं आहे, त्यांचं मॅन्युअल कपाटात ठेवून आपल्याला काय मिळतं? त्या कार्डांची विक्री संपली, त्यांच्यावरची गुपितं जुनी झाली. पण ती कार्डं अजून चालू आहेत. ग्वाल्हेरला, भिंडला, मुरैन्याला, दतियाला, जिथे नवीन कार्ड घेणं म्हणजे घरातला दुसरा कुठला तरी खर्च थांबवणं असतं. निदान तेवढ्यापासून सुरुवात होऊ शकते, आणि त्याला कुठल्या कायद्याची वाट बघावी लागत नाही.

तिसऱ्या मशीनच्या कार्डाचा नंबर मी ज्या कंपनीला कळवायचा तिला कळवलेला आहे. तो ईमेल त्यांच्याकडे अजून असेल. रजिस्टरांची दोन पानं आली तर मी माझा अंदाज त्यांच्याशी पडताळून बघेन आणि तो पॅच सगळ्यांसाठी पाठवेन. तोपर्यंत दर रविवारी नऊ वाजता, मुलं यायच्या आत, मी ते मशीन चालू करतो, पाच मिनिटं थांबतो आणि हीटसिंकवर बोट ठेवून बघतो.

आपला,
लष्करातला एक संगणक-दुरुस्तीवाला
ग्वाल्हेर